तागाच्या चटईवर बारा बळी

२६ ऑक्टोबर १९५२ रोजी लखनौ विद्यापीठाच्या मैदानावरील क्रिकेटचा कसोटी सामना संपला, तेव्हा पाकिस्तानने भारताचा एक डाव आणि ४३ धावांनी पराभव केलेला होता. भारताचा पहिला डाव १०६ धावांत आटोपला. पाकिस्तानने ३३१ धावा केल्या. दुसऱ्या डावात भारताला १८२ धावाच जमविता आल्या आणि पाकिस्तानला पुन्हा फलंदाजीस उतरण्याची गरजच उरली नाही. भारताचे जे वीस फलंदाज दोन डावांत मिळून बाद झाले, त्यांपैकी बारा एकट्या फझल महमूदने बाद केले होते, आणि त्या बारा बळींसाठी त्याने दिलेल्या धावा होत्या अवघ्या ९४.

एकतर्फी सामन्याची हकीकत सहसा चार ओळींत उरकली जाते. शेवटच्या षटकापर्यंत तराजू खाली-वर होत राहिला तरच सामना सांगण्याजोगा, असा एक समज रूढ आहे. परंतु खेळाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला चुरशीच्या सामन्यापेक्षा एकतर्फी सामना अधिक शिकवून जातो. चुरशीच्या सामन्यात दहा कारणे एकमेकांत गुंतलेली असतात आणि एखादा सुटलेला झेलही निकाल फिरवू शकतो. एकतर्फी सामन्यात मुख्य कारण उघडे पडलेले असते. लखनौच्या सामन्यात ते कारण कोणते, या प्रश्नाला त्या वेळी दोन शब्दांत उत्तर देण्यात आले: ‘तागाची चटई’. हे उत्तर चुकीचे नव्हते. पण ते अपुरे होते.

त्याचा विचार करण्यापूर्वी आठ दिवस मागे जावयास हवे. १६ ऑक्टोबर रोजी दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर पाकिस्तान आपला पहिलाच कसोटी सामना खेळावयास उतरला होता. जुलै १९५२ मध्ये त्या देशाला कसोटीचा दर्जा मिळाला होता, आणि तीनच महिन्यांत त्याची परीक्षा, तीही भारताच्या भूमीवर, सुरू झाली. दिल्लीचा निकाल पाकिस्तानच्या दृष्टीने लाजिरवाणा ठरला. भारताने ३७२ धावा केल्या. पाकिस्तानचे दोन डाव १५० आणि १५२ धावांत गडगडले. भारत एक डाव आणि ७० धावांनी जिंकला. त्या सामन्यात विनू मंकडने पहिल्या डावात ५२ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात ७९ धावांत ५, असे एकूण १३ बळी घेतले होते. म्हणजे दिल्लीचा सामनाही एकतर्फी होता, तोही डावाने जिंकला गेला, आणि तोही एकाच गोलंदाजाने. पाचच दिवसांच्या अंतराने लखनौला सुरू झालेल्या सामन्यात हेच चित्र आरशात पाहावे तसे उलटे झाले. दोन्ही संघ जवळपास तेच असता असे का व्हावे?

दोन फरक ताबडतोब नजरेत भरतात. दिल्लीच्या विजयाचा शिल्पकार मंकड लखनौला खेळला नाही. सांगलीचा विजय हजारे आणि पुण्याचा हेमू अधिकारी हे दोन भरवशाचे फलंदाजही त्या संघात नव्हते. अधिकारीने दिल्लीत नाबाद ८१ धावा केल्या होत्या आणि शेवटच्या जोडीसाठी गुलाम अहमदच्या साथीने शंभरावर धावांची भर घातली होती. हजारेने ७६ धावा काढल्या होत्या. हे तिघे नसलेला संघ हा अर्धाअधिक दुबळा झालेला संघ होता, यात संशय नाही. दुसरा फरक जमिनीचा होता. दिल्लीला खेळ गवती खेळपट्टीवर झाला होता. लखनौला, गोमतीच्या काठी वसलेल्या विद्यापीठाच्या त्या मैदानावर, तागाची चटई अंथरलेली होती.

क्रिकेटमध्ये जमिनीला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी एका परक्या खेळाकडे क्षणभर पाहणे उपयोगी पडेल. अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या बेसबॉल या खेळात ‘पिचर’ म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू सुमारे साडेसाठ फुटांवरून चेंडू फेकतो, आणि तो चेंडू जमिनीला न शिवता थेट हवेतून फलंदाजापर्यंत येतो. त्याला जी वक्रता द्यावयाची, जो चकवा द्यावयाचा, तो हवेतच. त्यामुळे तेथे एखादा पिचर विलक्षण प्रभावी ठरला, तर श्रेय बव्हंशी त्याच्या हाताचेच असते. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यू यॉर्क येथे अजिंक्यपदाच्या मालिकेतील सामन्यात यँकीज संघाच्या डॉन लार्सनने प्रतिपक्षाचे सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज एकालाही पहिल्या तळापर्यंत पोहोचू न देता बाद केले. गुणफलक केवळ २-० असा होता, तरी त्याहून एकतर्फी सामना कल्पिणे कठीण. योगायोग असा की, त्यानंतर तीनच दिवसांनी कराचीत सुरू झालेल्या एका कसोटी सामन्यात फझल महमूदने ऑस्ट्रेलियाचे तेरा फलंदाज बाद केले.

क्रिकेटमधील खेळपट्टी बावीस यार्डांची, म्हणजे सहासष्ट फुटांची. येथे चेंडू फलंदाजाकडे जाण्यापूर्वी सामान्यतः एकदा जमिनीवर टप्पा घेतो, आणि त्या एका टप्प्यात गोलंदाजाचा भागीदार म्हणून जमीन खेळात शिरते. ती भागीदारी कधी उदार असते, कधी कृपण. गोलंदाजाने बोटांनी चेंडूला दिलेली फिरकी अथवा कापणी हवेत असेपर्यंत केवळ शक्यता असते. ती खरी ठरवायची की नाही, हे जमीन ठरविते. म्हणून क्रिकेटमधील गोलंदाजाच्या पराक्रमाचे मोल करताना ‘कोणत्या जमिनीवर?’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो. बेसबॉलमध्ये हा प्रश्न जवळजवळ निरर्थक आहे.

आता चटईविषयी. गवती खेळपट्टी तयार करणे आणि ती राखणे हे खर्चाचे व कसबाचे काम आहे. विशिष्ट माती, रूळ, पाणी, गवताची जोपासना आणि हे सारे जाणणारा माळी, ही सामग्री सर्वत्र मिळत नाही. तिच्या अभावी टणक केलेल्या जमिनीवर चटई अंथरून, ती ताणून, कडांना खिळे ठोकून खेळण्याची प्रथा पडली. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी ज्यांनी क्रिकेट खेळले आहे, त्यांना ‘मॅटिंग’ हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ही चटई बहुधा नारळाच्या काथ्याची असते. तिचा धागा राठ. लखनौला अंथरलेली चटई तागाची, म्हणजे तुलनेने मऊ धाग्याची होती. परंतु दोहोंची जात एकच.

या जातीचे मुख्य लक्षण असे की, तिच्या विणीत चेंडू क्षणभर अडकतो. बोटांनी कापलेला चेंडू कोरड्या, गुळगुळीत गवती खेळपट्टीवर पुष्कळदा सरळ घसरून जातो. चटईवर त्याची शिवण धाग्यांना धरते आणि तो झटक्याने दिशा बदलतो. दुसरे लक्षण तितकेच महत्त्वाचे आहे. गवती खेळपट्टीला वय असते. पहिल्या दिवशी ती ओलसर, दुसऱ्या दिवशी फलंदाजाला अनुकूल, आणि शेवटी भेगाळलेली व फिरकीला पोषक अशा तिच्या अवस्था होतात. चटईला असे वय नसते. ती नीट ताणलेली असली, तर पहिल्या तासाला जशी वागते, साधारण तशीच चौथ्या दिवशीही वागते. याचा अर्थ असा की, ज्या गोलंदाजाला तिचे मर्म कळले, त्याला ते सामनाभर पुरते. आणि ज्या फलंदाजाला कळले नाही, त्याला ‘थोडा वेळ जाऊ द्यावा, मग खेळपट्टी निवळेल’ या आशेचाही आधार राहत नाही.

चटईवर एकाच गोलंदाजाने सारी मालिका गाजविल्याचे जुने उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील आहे. इंग्लंडच्या सिडनी बार्न्सने १९१३-१४ च्या दौऱ्यात तेथील चटयांवर केवळ चार कसोटी सामन्यांत ४९ बळी घेतले. त्यांपैकी १७ जोहान्सबर्गच्या एकाच सामन्यातले होते. बार्न्सचे प्रमुख शस्त्र होते उजव्या हाताच्या फलंदाजाच्या पायाकडून यष्ट्यांच्या बाहेरच्या बाजूला वळणारा वेगवान चेंडू. फझल महमूदचेही तेच.

फझलचा जन्म १९२७ साली लाहोरात झाला. वडील तेथील इस्लामिया कॉलेजात प्राध्यापक. मुलगा पहाटे उठून कित्येक मैल चालला व धावला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. पुढे तासन्‌तास एकाच टप्प्यावर गोलंदाजी करीत राहण्याची जी ताकद फझलने दाखविली, तिची पायाभरणी या पहाटांमध्ये झाली. वेगाच्या दृष्टीने तो मध्यम-जलद गोलंदाज होता. चेंडूची गती पाहून फलंदाजाच्या छातीत धडकी भरावी, असे त्याच्यात काही नव्हते. त्याचे सामर्थ्य बोटांत होते. चेंडू सोडताना तो शिवणीवरून बोटे आडवी ओढी; तसे केल्याने चेंडू टप्पा घेतल्यावर लेगकडून ऑफकडे कापत जाई. यालाच ‘लेग कटर’ म्हणतात. तीच हालचाल उलट दिशेने केली की चेंडू बाहेरून आत येई; त्याला त्या काळी ‘ब्रेकबॅक’ असे नाव होते. दोहोंतला फरक फलंदाजाला हाताकडे पाहून सहजी ओळखता येत नसे. बाहेर जाणाऱ्या चेंडूसाठी पाय पुढे टाकावा, तर तो आत येऊन पॅडवर आदळे. आत येणाऱ्यासाठी बॅट पॅडला चिकटवावी, तर चेंडू तिची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हाती जाई. या दोन शंकांच्या मध्ये फलंदाजाला उभे करून ठेवणे, हीच त्याची कला.

भारतीय खेळाडूंना हा गोलंदाज अपरिचित नव्हता, ही लखनौच्या सामन्यातील एक विलक्षण बाब आहे. फाळणीपूर्वी तो उत्तर भारताच्या संघाकडून रणजी स्पर्धेत खेळला होता. १९४७-४८ मध्ये ऑस्ट्रेलियाला जावयाच्या भारतीय संघात त्याची निवड झाली होती, आणि त्या दौऱ्याच्या पूर्वतयारीसाठी ऑगस्ट १९४७ मध्ये पुण्यात भरलेल्या शिबिरात तो हजर होता. शिबिर संपले तेव्हा देशाचे दोन तुकडे झालेले होते. परतीच्या प्रवासात पुण्याहून मुंबईला येताना आगगाडीत काही माथेफिरू आपल्या जिवावर उठले, आणि सहप्रवासी असलेल्या सी. के. नायडूंनी हाती बॅट घेऊन त्यांना अडविले, असे फझलने पुढे आपल्या आत्मकथनात नमूद केले आहे. मुंबईहून तो कराचीला आणि तेथून लाहोरला गेला. लाहोरची स्थिती पाहून त्याने ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याचा विचार सोडला, पाकिस्तानात राहण्याचे ठरविले आणि पोलीस खात्यात नोकरी धरली. ज्या संघातून त्याने ऑस्ट्रेलियाला जावयाचे, त्याचा कर्णधार लाला अमरनाथ होता. लखनौला भारताचा कर्णधार तोच होता. पाकिस्तानचा कर्णधार अब्दुल हफीझ कारदार हाही १९४६ साली इंग्लंडमध्ये भारताकडून खेळलेला. पाच वर्षांपूर्वी एकाच संघात शोभली असती अशी माणसे तागाच्या चटईच्या दोन टोकांना उभी होती.

सामन्याला २३ ऑक्टोबर रोजी सुरुवात झाली. भारताने प्रथम फलंदाजी केली. डावातील सर्वांत मोठी धावसंख्या होती सलामीच्या पंकज रॉयची, तीही केवळ ३०. फझलने ५२ धावांत ५ आणि त्याचा जोडीदार, जलद गोलंदाज महमूद हुसेन याने ३५ धावांत ३ बळी घेतले. १०६ धावा हा आकडा कोणत्याही काळात अल्पच. पण येथवर अजून सामना हातचा गेलेला नव्हता. चटई जर भारतीय फलंदाजांना नडली, तर ती पाकिस्तानच्या फलंदाजांनाही नडावी, अशी अपेक्षा बाळगता येत होती. निवड समितीने तशी तजवीजही केलेली दिसते. सौराष्ट्राचा डावखुरा गोलंदाज न्यालचंद शहा हा चटईवरचा वाकबगार म्हणून प्रसिद्ध होता. त्याला या सामन्यात कसोटीत पदार्पणाची संधी देण्यात आली. नागपूरचा डावखुरा गोलंदाज हिरालाल गायकवाड याचाही हा पहिला कसोटी सामना. दोघांच्याही वाट्याला याखेरीज दुसरा कसोटी सामना कधी आला नाही.

न्यालचंदने साठाहून अधिक षटके टाकून ९७ धावांत ३ बळी घेतले. त्याला दोष देण्याजोगे त्यात काही नाही. गुलाम अहमदनेही तीन बळी मिळविले. हिरालालला एकही मिळाला नाही. आणि या सर्व परिश्रमांच्या वेळी एका टोकाला नझर महंमद उभाच होता. लाहोरचा हा सलामीचा फलंदाज डावाच्या पहिल्या चेंडूला मैदानात आला आणि दहावा गडी बाद होईपर्यंत, ५१५ मिनिटे, म्हणजे साडेआठ तासांहून अधिक काळ, बाद न होता राहिला. त्याच्या नाबाद १२४ धावा हे पाकिस्तानचे कसोटीतील पहिले शतक. नझरखेरीज दुसऱ्या कोणत्याही फलंदाजाला अर्धशतकापर्यंत पोहोचता आले नाही. मकसूद अहमदच्या ४१ धावा हीच त्यातल्या त्यात मोठी कामगिरी. भारताच्या दोन्ही डावांत नझर क्षेत्ररक्षणासाठी मैदानात होता, आणि मधला संपूर्ण डाव तो फलंदाज म्हणून मैदानात होता. कसोटी सामना आरंभापासून अखेरपर्यंत मैदानावर काढणारा तो पहिला खेळाडू ठरला. (तीस वर्षांनंतर त्याचा मुलगा मुदस्सर नझर यानेही भारताविरुद्धच, लाहोरला, सलामीस येऊन अखेरपर्यंत नाबाद राहण्याचा पराक्रम केला. पिता-पुत्रांची अशी जोडी विरळाच.)

२२५ धावांनी मागे पडलेल्या भारताचा दुसरा डाव सुरू झाला, आणि फझलने या वेळी ४२ धावांत ७ बळी घेतले. अमरनाथ मात्र ६१ धावांवर नाबाद राहिला. कर्णधार एका टोकाला तग धरून आहे आणि दुसऱ्या टोकाने एकेक साथीदार तंबूत परततो आहे, असे ते दृश्य होते. डाव १८२ धावांत संपला.

या आकड्यांची थोडी फोड केली, तर एक गोष्ट स्पष्ट होते. पहिल्या डावात फझलने पाच बळींसाठी ५२ धावा दिल्या. उरलेले पाच बळी ५४ धावांच्या मोबदल्यात पडले. म्हणजे पहिल्या डावात तो इतरांहून फार वेगळा नव्हता. सारेच गोलंदाज फलंदाजांना जड गेले. हे चटईचे यश म्हणता येईल. दुसऱ्या डावाचे गणित अगदी निराळे आहे. फझलच्या सात बळींना ४२ धावा, आणि उरलेल्या तीन बळींना, अवांतर धावा धरून, १४० धावा. चटई तीच होती. फलंदाज तेच होते. तीन दिवसांत त्यांना तिची थोडीबहुत सवयही झाली होती, आणि म्हणूनच इतर गोलंदाजांना ते तोंड देऊ शकले. फझलला मात्र ते तोंड देऊ शकले नाहीत. चटईने दिलेली मदत सर्वांना सारखीच होती. तिचा संपूर्ण उपयोग करून घेण्याचे कसब एकालाच साधले होते.

पाकिस्तानचे खेळाडू चटईवरच लहानाचे मोठे झाले, त्यामुळे लखनौला त्यांना घरच्यासारखे वाटले, असेही त्या पराभवानंतर म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. त्यात अर्धेच तथ्य आहे. कराची, पेशावर अशा ठिकाणी चटईवर खेळ होत असे, हे खरे. १९५१ च्या अखेरीस कराचीच्या चटईवरच पाकिस्तानने इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाला हरविले होते, आणि कसोटी दर्जाचा त्याचा दावा त्या विजयाने बळकट झाला होता. त्याही सामन्यात फझलने एका डावात ४० धावांत ६ बळी घेतले होते. तेव्हा चटईची ओळख त्याला होती, यात शंका नाही. परंतु लाहोरचे मुख्य मैदान गवती खेळपट्टीचे होते, आणि लखनौचा सामना ज्या दोघांनी जिंकून दिला, ते फझल व नझर दोघेही लाहोरचे. उलट भारतातही कितीतरी ठिकाणी चटईवर खेळ चालत असे. जन्मगावाच्या जमिनीवरून सामन्याचा निकाल लावणे सोपे असते. पण या बाबतीत ते पटण्यासारखे नाही. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९५४ मध्ये, लंडनच्या ओव्हल मैदानावर, जेथे चटईचा संबंधच नव्हता, फझलने इंग्लंडचे १२ फलंदाज ९९ धावांत बाद केले आणि पाकिस्तानने २४ धावांनी सामना जिंकला. ज्याची बोटे केवळ चटईवर चालतात, त्याला हे साधले नसते.

मंकड, हजारे आणि अधिकारी असते तर काय झाले असते, हा प्रश्न त्या वेळी हिरिरीने चर्चिला गेला. त्याला नेमके उत्तर नाही. हजारेसारखा बचावात निष्णात फलंदाज नझरप्रमाणे एक टोक रोखून धरू शकला असता, एवढे मात्र मान्य करावे लागते. त्याच नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरील गवती खेळपट्टीवर हजारेने नाबाद १४६ आणि पॉली उम्रीगरने १०२ धावा केल्या. मंकड परतला होता. भारताने दहा गडी राखून सामना जिंकला आणि पुढचे दोन सामने अनिर्णित राहिल्याने मालिका २-१ अशी आपल्याकडे ठेवली.

लखनौच्या प्रेक्षकांना पुढचे हे समाधान तेव्हा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, आणि दिल्लीच्या दणदणीत विजयानंतर आठच दिवसांनी आलेला हा पराभव केवळ खेळातला पराभव म्हणून पचविणे अनेकांना कठीण गेले. प्रेक्षकांतील काहींचा रोष आपल्याच खेळाडूंवर ओसंडला. दुसरीकडे, ज्या देशाच्या कसोटी दर्जाविषयी दिल्लीनंतर शंका घेतली जात होती, त्याने दुसऱ्याच सामन्यात विजय मिळविला होता. भारताला स्वतःच्या पहिल्या कसोटी विजयासाठी १९३२ पासून १९५२ पर्यंत वीस वर्षे वाट पाहावी लागली होती. तो विजय त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध मिळाला होता, आणि त्यातही मंकडने १२ बळी घेतले होते. एका वर्षात, मद्रास, दिल्ली आणि लखनौ अशा तीन ठिकाणी, एकेका गोलंदाजाने बारा-बारा, तेरा-तेरा बळी घेऊन तीन सामने डावाने संपविले, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

विद्यापीठाच्या त्या मैदानावर पुन्हा कसोटी सामना झाला नाही. १९५० नंतरचे दशक संपता संपता कसोटी क्रिकेटमधून चटईच हद्दपार झाली. लखनौला पुढचा कसोटी सामना पाहावयास मिळाला तो एकेचाळीस वर्षांनी, जानेवारी १९९४ मध्ये, के. डी. सिंग ‘बाबू’ यांचे नाव दिलेल्या स्टेडियमवर. हे बाबू म्हणजे १९५२ सालीच हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार. या सामन्यात भारताने श्रीलंकेला एक डाव आणि ११९ धावांनी हरविले. खेळपट्टी गवती होती, गोलंदाज फिरकीचा होता. पण अनिल कुंबळेने पहिल्या डावात ६९ धावांत ४ आणि दुसऱ्या डावात ५९ धावांत ७ असे ११ बळी घेतले.

तिसरा सामना नोव्हेंबर २०१९ मध्ये, शहराच्या नव्या एकाना स्टेडियमवर झाला. त्यात भारत खेळतच नव्हता. स्वतःच्या देशात सामने भरविणे शक्य नसलेल्या अफगाणिस्तानने लखनौ हेच आपले घरचे मैदान मानले होते, आणि पाहुणा संघ वेस्ट इंडीजचा होता. वेस्ट इंडीजच्या रहकीम कॉर्नवॉल या धिप्पाड फिरकी गोलंदाजाने पहिल्या डावात ७५ धावांत ७, दुसऱ्यात ४६ धावांत ३ असे दहा बळी घेतले आणि तिसऱ्या दिवशीच सामना नऊ गडी राखून संपला. तीन मैदानांवर, सदुसष्ट वर्षांच्या अवधीत, तीन कसोटी सामने, आणि तिन्हींत विजयी संघाच्या एका गोलंदाजाचे एका डावात सात बळी. अफगाणिस्तानचा हा चौथा कसोटी सामना होता. आपला पहिला विजय त्याने पाकिस्तानप्रमाणेच दुसऱ्या सामन्यात मिळविला होता. तोही भारताच्याच भूमीवर, मार्च २०१९ मध्ये, डेहराडूनला, आयर्लंडविरुद्ध.